सीजे-३बी चा कार्बोरेटर: रिच मिक्श्चरच्या मागे लागून केलेल्या कामाच्या नोंदी

८ नोव्हेंबर

गाडी विलीज सीजे-३बी, इंजिन हरिकेन एफ-१३४, म्हणजे चार सिलेंडर, साधारण २.२ लिटर, इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. याच उंच इंजिनसाठी सीजे-३बी चं बॉनेट इतकं उंच केलंय, १९५३ ला ही गाडी आली तेव्हापासून ती त्या बॉनेटवरूनच लांबून ओळखू येते. कार्बोरेटर कार्टर वायएफ, सिंगल बॅरल, डाऊनड्राफ्ट (हवा वरून खाली जाते), हाताने ओढायचा चोक (थंड इंजिनासाठी हवा कमी करणारी झडप).

तक्रार अशी की गाडी भयंकर रिच चालतेय, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातंय. सायलेंसरमधून काळा धूर, मागे उभं राहिलं की डोळे चुरचुरतात, पेट्रोलचा वास कपड्यांना बसतो. थंड असताना चोक न ओढता लगेच सुरू होते (हे ऐकायला बरं वाटतं पण हेच पहिलं लक्षण आहे) आणि गरम झाली की आयडलला (एक्सीलेटर न देता) घरघर करत, लंगडत चालते, बंद केली की पुन्हा सुरू करायला एक्सीलेटर पूर्ण दाबून बराच वेळ स्टार्टर मारावा लागतो. एकदम एक्सीलेटर दिला की आधी अडखळते मग उचलते.

ऑइलची डिपस्टिक काढून बघितली तर लेव्हल फुलच्या खुणेच्या वर आणि ऑइलला पेट्रोलचा स्पष्ट वास. हे सगळ्यात गंभीर. जास्तीचं पेट्रोल सिलेंडरच्या भिंतीवरून खाली संपमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइल टाकीत) उतरतं, ऑइल पातळ होतं आणि बेअरिंगवरची फिल्म जाते. म्हणजे प्रश्न नुसत्या मायलेजचा राहिला नाही, इंजिनाच्या आयुष्याचा झाला. ठरवलं की काम पूर्ण होईपर्यंत चाचणीपुरतंच इंजिन चालवायचं, आणि त्यासाठी आधी ते ऑइल काढून स्वस्तातलं भरायचं. भरलं.

९ नोव्हेंबर

कार्बोरेटरला हात लावायच्या आधी इग्निशन. कमजोर ठिणगीनेसुद्धा प्लग काळे होतात आणि गाडी तशीच लंगडते, मग माणूस कार्बोरेटर खोलून बसतो आणि दोष कंडेन्सरमध्ये निघतो. चारही प्लग काढले, चारही सारखेच काळे, कोरडी मखमली काजळी. ओली तेलकट असती तर रिंग किंवा व्हॉल्व्ह गाईडकडे बघावं लागलं असतं, एकच प्लग काळा असता तर त्या सिलेंडरकडे, पण चारही सारखे म्हणजे दोष सगळ्यांना सामाईक अशा ठिकाणी आहे.

प्लग नवीन, गॅप ०.०३० इंच. पॉइंट साफ करून ०.०२० इंच, कंडेन्सर बदलला, टायमिंग लाइट लावून ठिणगीची वेळ ५ डिग्री बीटीडीसी वर (पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या आधी) आणली. ठिणगी निळी, जाड, कडक आवाजाची. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ प्रमाणे वायरी तपासल्या. गाडी सुरू केली, काळा धूर तसाच. छान, म्हणजे इग्निशनचा विषय संपला आणि आता जे दिसेल ते पेट्रोलचंच.

एअर क्लीनरही बघून घेतला. हा ऑइल बाथ प्रकारचा, तळात ऑइल असतं आणि हवा त्यावरून जाते. त्यात खुणेच्या वर ऑइल भरलं किंवा जाळी चिखलाने भरली तर हवा कोंडते आणि मिक्श्चर रिच होतं. थोडं जास्त होतं, खुणेपर्यंत आणलं, जाळी धुतली. फरक जाणवण्याइतका नाही.

१५ नोव्हेंबर

आज न खोलता करायच्या दोन चाचण्या, माझ्या मते या दोन चाचण्यांनी निम्मं निदान होतं आणि बहुतेक लोक नेमक्या याच टाळून थेट रिपेअर किट आणतात.

पहिली, आयडल मिक्श्चरचा स्क्रू. गाडी गरम करून आयडलला ठेवली आणि स्क्रू हळूहळू आत फिरवत गेलो. चांगल्या कार्बोरेटरमध्ये तो पूर्ण आत गेला की आयडलचं पेट्रोल तुटतं आणि इंजिन बंद पडायला पाहिजे. माझा स्क्रू टेकला तरी इंजिन चालूच, उलट किंचित बरं चाललं. याचा अर्थ आयडलला इंजिन ज्या पेट्रोलवर चाललंय ते या स्क्रूच्या वाटेने येतच नाहीये, दुसरीकडून येतंय. इथे एक गोष्ट आधी तपासायची, थ्रॉटलचा स्पीड स्क्रू जास्त आत असेल तर बटरफ्लाय (हवेची झडप) इतका उघडा राहतो की वरची ट्रान्सफर स्लॉट (पेट्रोलची बारीक फट) उघडी पडते, त्यातून पेट्रोल येतं आणि मिक्श्चर स्क्रू निकामी झाल्यासारखा वाटतो. तो बघितला, जेमतेम टेकलेला होता. म्हणजे ते कारण नाही.

दुसरी, कार्बोरेटरच्या तोंडावरची हवेची नळी काढून टॉर्चच्या उजेडात चालू इंजिनाच्या कार्बोरेटरमध्ये वरून बघणे. (तोंड वर नेऊन नाही, बाजूने, बॅकफायर झाला तर चेहरा भाजतो, आणि अग्निशामक सिलेंडर हाताशी पाहिजेच पाहिजे.) आयडलला मेन नोझल कोरडं असायला हवं कारण एवढ्या कमी हवेला व्हेंचुरीमध्ये (कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यात) ओढच तयार होत नाही. माझं नोझल टपकत होतं, थेंब थेंब, सतत. म्हणजे बाऊलमधली (कार्बोरेटरच्या छोट्या टाकीतली) पेट्रोलची लेव्हल नोझलच्या तोंडापर्यंत चढलीये.

लेव्हल चढायची कारणं तीनच, पेट्रोल पंपाचं प्रेशर जास्त, निडल-सीट (बाऊलमध्ये येणारं पेट्रोल बंद करणारी सुई आणि तिची बैठक) गळतंय, किंवा फ्लोट (बाऊलमधला तरंगता पोकळ डबा) जड झालाय नाहीतर चुकीचा वाकवलाय.

१६ नोव्हेंबर

प्रेशर आधी कारण त्यासाठी काहीच खोलावं लागत नाही, कार्बोरेटरच्या तोंडाशी टी लावून गेज जोडलं की झालं. या इंजिनाला मूळचा मेकॅनिकल पंप असतो, त्याचं प्रेशर अडीच ते पावणेचार पीएसआय (दाबाचं एकक). पण माझ्या गाडीला आधीच्या मालकाने तो काढून इलेक्ट्रिक पंप बसवलाय. गेजवर साडेपाच!

आता हे सोपं गणित आहे. फ्लोट पाण्यावर तरंगून, म्हणजे इथे पेट्रोलवर, एका लिव्हरने निडलला सीटवर दाबतो, अगदी फ्लशच्या टाकीतल्या चेंडूसारखा. त्याच्या तरंगण्याचा जोर ठरलेला. पंपाकडून येणारं प्रेशर त्या जोराच्या वर गेलं की निडल सीटवरून ढकलली जाते आणि पेट्रोल आत येत राहतं, तुम्ही कितीही नवी निडल टाका. बाजारातले पुष्कळ इलेक्ट्रिक पंप चार ते सात पीएसआयचे असतात, ते इंजिनाला नाही तर त्या निडलला जड जातात.

रेग्युलेटर बसवला, तीनवर सेट केला. टपकणं कमी झालं पण थांबलं नाही. धूरही किंचित कमी.

जाता जाता, इलेक्ट्रिक पंपाचा अजून एक धोका लिहून ठेवतो. डोंगरात गाडी कलंडली किंवा इंजिन बंद पडलं तरी इग्निशन चालू असेपर्यंत पंप पेट्रोल ढकलत राहतो, गरम एक्झॉस्टवर. ऑइल प्रेशरचा कट-ऑफ स्विच सर्किटमध्ये नसेल तर असा पंप ऑफरोड गाडीत ठेवू नये. माझ्यात नव्हता, आज वायरिंग करून टाकला. पुढे मेकॅनिकल पंपच परत लावायचा विचार पक्का आहे.

२२ नोव्हेंबर

कार्बोरेटर उतरवला. स्वच्छ पांढऱ्या ट्रेमध्ये खोलला कारण उलटा केला की एक्सीलरेटर पंपाची छोटी चेक बॉल निसटून पडते आणि ती हरवली की सगळं अडतं. प्रत्येक पायरीला फोटो. बाहेरचा नंबरचा टॅग साफ करून वाचला, हे महत्त्वाचं, वायएफ कार्बोरेटर अनेक इंजिनांवर अनेक सेटिंगमध्ये लागलाय, त्यामुळे दुसऱ्याचा आकडा बघून आपलं सेटिंग करू नये.

फ्लोट पितळी. कानाशी हलवला, आत पेट्रोल नाही वाटत. तरी गरम पाण्यात बुडवून धरला, बारीक भोक असेल तर आतली हवा तापून बुडबुडे येतात, एकही आला नाही. फ्लोट चांगला.

निडलच्या टोकाला भिंगातून बघितलं तर सीट जिथे टेकते तिथे एक चकचकीत गोल चर. नखाला लागण्याइतका. स्टीलच्या निडलला हे होतंच, आणि दगडधोंड्यात चालणाऱ्या गाडीला जास्त होतं कारण फ्लोट सतत नाचत असतो आणि निडल सीटवर आपटत असते. किटमध्ये व्हिटॉन टोकाची निडल आहे, ती रबरासारखी बसते आणि बारीक कचऱ्यावरही सील धरते. निडल आणि सीट जोडीनेच बदलायचं, जुन्या सीटवर नवी निडल टाकून उपयोग नाही.

लेव्हल मोजली. वायएफ मध्ये फ्लोट बाऊलच्या झाकणाला लटकलेला असतो, तेव्हा झाकण उलटं धरायचं, गॅस्केट काढायचं, फ्लोट नुसत्या स्वतःच्या वजनाने निडलवर टेकू द्यायचा आणि झाकणाचं कास्टिंग आणि फ्लोट यांच्यामधलं अंतर घ्यायचं. माझ्या नंबरला मॅन्युअल १७/६४ इंच सांगतं, म्हणजे पावणेसात मिलिमीटर. निघालं पाच. उलटं धरलेलं असल्यामुळे इथे अंतर कमी म्हणजे पेट्रोलची लेव्हल जास्त, हे डोक्यात नीट बसवून घ्यायचं. १७/६४ च्या ड्रिल बिटचा मागचा गुळगुळीत भाग गेज म्हणून उत्तम चालतो. निडलला टेकणारी बारीक पट्टीच वाकवायची, फ्लोट दाबून तर अजिबात नाही, व्हिटॉन टोक दबलं की माप खोटं येतं आणि नंतर निडल चिकटते.

२३ नोव्हेंबर

घाई न करता फक्त निडल, सीट आणि लेव्हल एवढंच बदलून कार्बोरेटर परत बसवला. बाकी किट पिशवीतच. एका वेळी एक गोष्ट, नाहीतर काय बरं झालं ते कळत नाही.

नोझल आयडलला कोरडं ठाक! हे बघून फार बरं वाटलं. गरम इंजिन लगेच सुरू होतंय, पूर आल्यासारखं पेट्रोल साचत नाही. पण मिक्श्चर स्क्रू अजूनही मेलेला, पूर्ण आत केला तरी इंजिन चालू. आणि एक्सीलेटर दिल्यावर अडखळणं तसंच.

म्हणजे अजून एक वाट आहे, आणि ती बाऊलच्या लेव्हलशी संबंधित नाही. नोझल कोरडं आणि स्क्रू बंद, तरी पेट्रोल मॅनिफोल्डमध्ये (कार्बोरेटरमधून सिलेंडरकडे जाणाऱ्या नळीत) पोचतंय. वायएफ मध्ये अशी जागा एकच, डायफ्राम, म्हणजे आतला लवचिक पडदा.

२९ नोव्हेंबर

परत उतरवून पूर्ण खोलला. चोकचा बटरफ्लाय आधी बघितला, केबल पूर्ण आत ढकलल्यावर तो उभा, सरळ असला पाहिजे. माझा थोडा तिरका राहत होता, केबलची क्लिप सरकवून नीट केला.

मग डायफ्राम. बाहेर काढून उजेडासमोर धरला आणि मधल्या वॉशरच्या कडेला अर्धचंद्रासारखी चीर दिसली, बोटाने ताणली की उघडते. कापड कडक झालेलं, आत्ताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये जुनं रबर आधी फुगतं आणि वाळलं की तडकतं.

हा भाग सविस्तर लिहितो कारण वायएफ चं सगळं मर्म यात आहे. या एका डायफ्रामवर दोन कामं आहेत. त्याच्या वरच्या बाजूला पेट्रोल, खालच्या बाजूला मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम. इंजिन हलकं चालतंय तेव्हा व्हॅक्यूम जास्त, तो डायफ्रामला स्प्रिंगविरुद्ध खाली ओढून धरतो, आणि त्याच्या दांड्याला जोडलेला मीटरिंग रॉड मेन जेटमध्ये (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकात) खाली उतरलेला राहतो, रॉडचा जाड भाग जेटमध्ये म्हणून पेट्रोल कमी. चढ लागला, लोड आला की व्हॅक्यूम पडतो, स्प्रिंग डायफ्रामला वर ढकलते, त्याने एक फवारा नोझलकडे जातो आणि सोबत रॉड वर येऊन त्याचा बारीक भाग जेटमध्ये येतो, पेट्रोल जास्त. शिवाय एक्सीलेटरची लिंक यांत्रिक पद्धतीनेही हेच करते. इतके कमी पार्ट असलेली इतकी हुशार रचना, मला खरंच आदर वाटतो या डिझाइनचा.

आता डायफ्राम फाटला की काय होतं बघा. आयडलला व्हॅक्यूम सगळ्यात जास्त, तो चिरेतून वरचं पेट्रोल सरळ मॅनिफोल्डमध्ये शोषतो, जेट नाही, स्क्रू नाही, कुठलंच मोजमाप नाही. म्हणून स्क्रू मेलेला. रस्त्यावर चालताना व्हॅक्यूम डायफ्रामला धरून ठेवू शकत नाही, स्प्रिंग जिंकते, रॉड कायम वर, म्हणून सपाटीलाही चढाइतकं रिच. आणि एक्सीलेटर दाबल्यावर फवाऱ्याचं पेट्रोल नोझलकडे जायच्याऐवजी चिरेतून खाली पळतं, म्हणून तेवढ्यापुरतं लीन (पेट्रोल कमी) होऊन अडखळतं. रिच चालणारी गाडी पिकअपला लीन होऊन अडखळते हे आधी विचित्र वाटत होतं, चिरेने दोन्ही एकदम समजावलं.

६ डिसेंबर

सगळे भाग क्लीनरमध्ये भिजवले, अर्थातच रबर आणि डायफ्राम बाजूला ठेवून. प्रत्येक वाटेतून हवा मारली. जेटमध्ये तार घातली नाही, पितळ मऊ असतं, भोक जरा मोठं झालं की तोच जेट कायमचा रिच होतो. मीटरिंग रॉड भिंगाखाली बघितला, एका बाजूने घासलेला नाही, जेटही गोल. बाऊलचं झाकण काचेवर ठेवून तपासलं, एक कोपरा स्क्रू जास्त आवळल्यामुळे किंचित वर उचललेला, काचेवर पॉलिश पेपर चिकटवून आठच्या आकड्यात घासून सपाट केलं.

नवा डायफ्राम बसवताना त्याची भोकं हाऊसिंगच्या भोकांशी तंतोतंत जुळवली कारण त्यातलं एक व्हॅक्यूमची वाट आहे, ते झाकलं गेलं तर नवा डायफ्रामही फाटक्यासारखाच वागणार. स्क्रू आमनेसामने थोडे थोडे आवळत गेलो.

मग मीटरिंग रॉडचं सेटिंग, किट बदलणारे बरेच जण हे सोडून देतात. स्पीड स्क्रू पूर्ण मागे घेतला म्हणजे बटरफ्लाय बंद, डायफ्रामचा दांडा वरून दाबून तळाला टेकवला. या स्थितीत रॉड आपल्या खोबणीच्या तळाशी टेकलेला पाहिजे आणि रॉडचा आर्म लिफ्टर लिंकलाही टेकलेला पाहिजे. माझा रॉड तळापासून अधांतरी होता, म्हणजे डायफ्राम चांगला असता तरी गाडी थोडी रिचच चालली असती. आर्मची पट्टी पक्कडीने हळूच वाकवून दोन्ही एकदम टेकतील असं केलं.

७ डिसेंबर

सुरू केली. चोक ओढावा लागला! थंडीत चोक मागणारं इंजिन म्हणजे मिक्श्चर जागेवर आलंय.

गरम झाल्यावर स्क्रू आत फिरवला, इंजिन मंदावलं, धडपडलं, बंद. मग व्हॅक्यूम गेज लावून सेट केलं, स्क्रू बाहेर घेत जायचं काटा सगळ्यात वर जाईपर्यंत, मग किंचित आत. आयडल ६०० आरपीएमला आणला. काटा मात्र १५ इंच पाऱ्याच्या आसपास आणि एका ठरावीक तालात फडफडतोय. निरोगी इंजिनाला १७ ते २१ दिसायला हवं. धूर नाही, पण काटा सांगतोय ते ऐकायला हवं, कारण वायएफ मध्ये मिक्श्चर व्हॅक्यूमच ठरवतो, इंजिनाचा व्हॅक्यूमच कमी असेल तर हलक्या चालीतही रॉड लवकर उचलला जाणार.

कार्बोरेटरच्या गॅस्केटभोवती गळती शोधली, नाही. तालबद्ध फडफड म्हणजे बहुतेक एखादा व्हॉल्व्ह.

१३ डिसेंबर

व्हॉल्व्ह क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या भागामधली फट. थंड इंजिन, इनटेक ०.०१८ इंच, एक्झॉस्ट ०.०१६. इनटेक वर रॉकरला असल्यामुळे सोपे, जवळपास बरोबर होते. एक्झॉस्टचे टॅपेट ब्लॉकच्या बाजूच्या झाकणामागे, तिथे हात घालणं जिकिरीचं, हात चांगलेच सोलले. तिसऱ्या सिलेंडरचा एक्झॉस्ट फीलर गेजच्या (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांच्या) ०.००६ च्या पातीलाही अडवत होता, म्हणजे गरम झाल्यावर नीट बंदच होत नसणार. वेळेत सापडला, थोडे दिवस अजून तसाच चालला असता तर जळला असता.

सेट करून झाकण लावलं, सुरू केली. काटा १८ वर, स्थिर. मिक्श्चर स्क्रू पुन्हा जुळवला, आधीपेक्षा थोडा आत गेला.

२० डिसेंबर

चढाची चाचणी. लो रेंजमध्ये उभा चढ, मग उतार, मग गाडी एका बाजूला कललेली ठेवून आयडल. चढावर गाडी वाकली की बाऊलमधलं पेट्रोल एका बाजूला सरकतं, लेव्हल आधीच जास्त असेल तर नेमकं तिथेच ते नोझलमधून सांडतं आणि गाडी चढाच्या मध्यावर पूर येऊन बंद पडते. सपाटीला ठीक वाटणारं सेटिंग ऑफरोडला का फसतं ते यात आहे, म्हणून लेव्हलच्या बाबतीत पाव मिलिमीटरसुद्धा सोडायचा नाही असं मी धरून चालतो. आज एकदाही बंद पडली नाही. खडबडीत वाटेवर, जिथे आधी दोन मिनिटांत पेट्रोलचा वास यायचा, तिथेही काही नाही.

परत येऊन चाचणीचं ऑइल काढलं, वास नाही, लेव्हल भरली तेवढीच. नवीन चांगलं ऑइल आणि फिल्टर. प्लग काढले, पोर्सेलिनवर फिकट राखाडी, कडेच्या रिंगवर थोडी काजळी. आत्ताच्या शिसे नसलेल्या पेट्रोलला जुन्या पुस्तकातला तो सुंदर तपकिरी रंग सहसा येत नाही, तो आणायच्या नादात मिक्श्चर परत वाढवू नये.

उंच घाटमाथ्यावर नेऊन बघायचं बाकी आहे, तिथे हवा विरळ म्हणून तोच जेट जरा रिच पडतो, किती पडतो ते प्लग सांगतील. आणि मेकॅनिकल पंप. त्याचं गॅस्केट आणि डायफ्राम किट मागवलंय, तो लागला की रेग्युलेटर काढून प्रेशर पुन्हा मोजणार आणि इथे लिहिणार.